बंद गिरणीतलं डिझेल

मुनव्वर बेगचा बाप परतवाड्याच्या आरामशीनवर कामाला होता. मुनव्वरनं मात्र लाकडाला हात लावला नाही. मेळघाटातून खाली उतरणारे ट्रक नाक्यावर दुरुस्तीला थांबत, तिथल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली तो इंजिनाचं काम शिकला. पुढे जांभळीच्या शिवारात शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सूतगिरणी उभी राहिली. तिथं जनरेटरवर माणूस पाहिजे होता. मुनव्वर गेला आणि तिथलाच झाला. नसीमबानोशी निकाह लागला तेव्हा तिच्या माहेरी त्याला ‘गिरणीवाला जावई’ म्हणत, आणि त्या काळात त्या शब्दाला वजन होतं.

सूतगिरणीत वीज गेली की यंत्रांवरचे सगळे धागे एका दमात तुटतात. ते जोडता जोडता कामगारांची अख्खी शिफ्ट संपून जाते. आणि वऱ्हाडात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून गिरणीनं दोन मोठे जनरेटर बसवले होते, आणि त्यांच्यासाठी जमिनीखाली डिझेलची टाकी. वर सिमेंटचा ओटा, ओट्यावर लोखंडी झाकण, आणि हवा खेळायला वर काढलेला एक नळ. नळाच्या तोंडाला पितळी टोपी.

गिरणीचे इंजिनिअर केशवराव अमरावतीचे होते. कमी बोलणारे, पण शिकवायला बसले की वेळ विसरणारे. डिझेल साठवणं म्हणजे नुसतं भरून ठेवणं नव्हे, हे मुनव्वरला त्यांनीच शिकवलं. टाकीत पोकळी राहिली की तिथल्या हवेतली वाफ गार होऊन थेंबाथेंबानं खाली उतरते. पाणी जड, ते बुडाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात तिथं जंतू धरतात आणि शेवाळासारखा काळा चिकट थर तयार होतो. तो एकदा इंजिनात गेला की इंजिन मेलं.

म्हणून मोजायच्या काठीला टोकाशी एक मलम लावून ती बुडापर्यंत सोडायची. पाणी असलं तर मलमाचा रंग पालटतो. बुडाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरायचा. आरपार झळझळीत दिसला तर ठीक. धुरकट दिसला तर पाणी, कण दिसले तर जंतू. काचेची नळी सोडून घनता बघायची, साचलेलं पाणी पंपानं उपसायचं, अधूनमधून सगळं डिझेल गाळणीतून फिरवून परत टाकीत सोडायचं.

मुनव्वरला हे काम आवडलं. जनरेटरच्या धडधडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला ओट्यावरची ती शांत बरणी आवडली असेल.

दोन हजार चार साली, दिवाळीच्या तोंडावर, गिरणी बंद पडली. दारात कापूस पिकत होता, पण गिरणीला तो परवडत नव्हता आणि पिकवणाऱ्यालाही परवडत नव्हता. संचालक म्हणाले, तात्पुरती बंद. हंगामासाठी टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली होती.

केशवरावांना गुजरातेत नोकरी मिळाली. जायच्या दिवशी ते मुनव्वरला ओट्यापाशी घेऊन गेले.

“मशीनला तेल लावून झाकून ठेवलं की ती थांबते, मुनव्वर. डिझेल थांबत नाही. ते राखावं लागतं.”

“किती दिवस राखू, साहेब?”

केशवराव थोडं घुटमळले. “सुरू होईपर्यंत,” म्हणाले, आणि बरणी, काठी, नळी, जंतू मारायच्या औषधाची उरलेली बाटली त्याच्या हवाली करून निघून गेले.

गिरणीत दोनच माणसं ठेवली. टाकी आणि जनरेटर बघायला मुनव्वर, फाटकावर देवीदास. देवीदास जांभळीचाच. पूर्वी कापसाच्या गाठी उतरवायचा. तोंड सतत चालू.

“मुनव्वरभाई, थे का गाय हाये, का रोज खरारा करून राहिले?”

“गायच समज. गिरनी सुरू झाली का पयलं दूध हेच देते.”

देवीदास हसायचा. पहिल्या वर्षी मुनव्वरही हसायचा.

बातम्या येत राहिल्या. कोणी म्हणे, बाहेरची मोठी पार्टी गिरणी घेणार. कोणी म्हणे, सरकार पॅकेज देणार, त्यात सूतगिरण्या आहेत. दसऱ्याला मुनव्वर जनरेटर पुसून ठेवी, देवीदास झेंडू बांधी. दसरा जाई. मग गिरणीची वीजच तोडली गेली. गाळणीचा पंप बंद झाला, जनरेटरच्या बॅटऱ्या उतरल्या. मुनव्वरनं परतवाड्याहून एक जुना हातपंप आणला आणि डिझेल हातानं फिरवू लागला. संध्याकाळी घरी गेला की कपड्यांना, केसांना, भाकरी मोडायच्या बोटांना तोच वास.

“बंद मिल का डीजल है,” नसीमबानो म्हणायची, “और तुम उसको ऐसे सँभालते जैसे घर में कोई बीमार पडा है.”

पण बरणी उजेडात धरली आणि आतून सोन्यासारखा उजेड आरपार आला की त्याचा तो दिवस बरा जाई. गिरणीत दुसरं काहीच सुस्थितीत नव्हतं. पत्रे उडाले होते, यंत्रांवर कबुतरं घरं करून होती. एक टाकी तेवढी शाबूत होती.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात जांभळीची डीपी, गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळली. नळयोजनेची विहीर गावाबाहेर, तिच्यावरची मोटर बंद. विहिरीवर एक जुनं डिझेल इंजिन होतं, ते चालू शकत होतं, पण त्यात घालायला काही नव्हतं. ग्रामपंचायत वीज कंपनीकडे हेलपाटे घालत राहिली. बाया नाल्यापलीकडच्या एका मळ्यातून पाणी आणू लागल्या.

गिरणीच्या फाटकाशी आली ती सुभद्राबाई. गिरणी चालू होती तेव्हा ती सुताचे कोन भरायच्या खात्यात होती. खात्यातल्या बायांमध्ये तिचा शब्द चाले. गिरणी बंद झाल्यावर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊ लागली, तरी बाया अजून तिलाच पुढे करत. ईदला नसीमबानोचा शीरखुर्मा तिच्या घरी जायचा, पोळ्याला तिच्याकडून पुरणपोळी यायची.

“मुनव्वरभाऊ, दोन ड्रम द्या. डीपी बसली का भरून देऊ.”

“बाई, माह्या हाती नाई. टाकीले सरकारी सील हाये.”

“सील तं तुमीच खोलून पाहून राहिले.”

“पाह्याले खोलतो. काढाले नाई.”

“गिरनी आमचीच व्हती नं? माह्या सासऱ्यानं शेअर घेतला व्हता तिचा. माह्या हातानं म्या सूत काढलं तिथं.”

मुनव्वरनं फाटकाची कडी चाचपली. मग म्हणाला, “आज काढलं, उद्या गिरनी सुरू व्हाच्या दिवशी मी काय दाखवू?”

सुभद्राबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “सुरू होते म्हंता?”

“होते.”

ती परत गेली. मुनव्वर दुसऱ्याच दिवशी अमरावतीला गेला. गिरणीचा कारभार आता अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या संस्थेची आवराआवर करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीत होता. तिथल्या बाबूनं अर्ज द्यायला सांगितलं. त्यानं दिला. पुन्हा गेला तर साहेब बदलून गेले होते, नवे आले नव्हते. तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाबूनं ओळखच दाखवली नाही.

“दे देते थोडा,” नसीमबानो म्हणाली. “किसको मालूम पडता?”

“मेरे को मालूम पडता ना.”

“औरतें दोपहर की धूप में पानी भर रहीं, वो तुमको मालूम नहीं पडता?”

त्या रात्री तो जेवला नाही. पण झाकणही उघडलं नाही. सुभद्राबाई डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन फाटकासमोरून जायची, आधी हाक मारायची, मग नुसती मान हलवायची, मग तेही बंद झालं. डीपी बसली तोवर पाऊस लागून विहिरी भरल्या होत्या.

त्याच पावसाळ्यात मुनव्वरला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, पायात उभं राहायची ताकद नाही. नसीमबानोनं त्याला परतवाड्याला आपल्या भावाकडे नेलं. तिथं तो खाटेवर पडून देवीदासला निरोप पाठवत राहिला, झाकणावर लक्ष ठेव, पाणी तुंबू देऊ नको.

देवीदासनं लक्ष ठेवलंही. पण बंद गिरणीत भंगार चोरणारे रोजचे झाले होते. तांब्याच्या तारा गेल्या, खिडक्यांचे गज गेले. एका सकाळी बघतो तर टाकीच्या नळावरची पितळी टोपी नाही. देवीदासनं नळाच्या तोंडाला प्लास्टिकची थैली बांधली. ती वाऱ्यानं उडाली हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. मधल्या काळात सातपुड्याकडून पावसाची झड लागली होती. पाण्याची धार थेट टाकीत उतरत होती.

पोळ्याच्या सुमारास मुनव्वर परतला तो भिंतीला धरधरून ओट्यापाशी गेला. काठी सोडली, वर काढली. मलमाचा रंग वीतभर पालटलेला होता. बरणीत नमुना घेतला तर ताकासारखा पांढरट.

देवीदास मागे उभा होता. “मी बांधली व्हती थैली, मुनव्वरभाई.”

“बांधली असन,” मुनव्वर म्हणाला. त्याला रागवायचं सुचलं नाही.

अंगात ताकद नसताना त्यानं हातपंपानं पाणी उपसायला घेतलं. चार हात मारायचे, बसायचं, पुन्हा चार हात मारायचे. पाणी बरंच निघालं, पण सगळं निघेना. काही आठवड्यांनी बरणीत काळे तंतू दिसले. मग बुडाशी काळी साय. वास आंबूस येऊ लागला. कचेरीकडे औषध मागितलं, तिकडून काही आलं नाही. त्यानं परतवाड्याच्या एसटीडी बूथवरून केशवरावांना फोन लावला.

केशवराव सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “औषध पाठवतो मी. पण एक लक्षात घे. औषध जंतू मारतं, मेलेले जंतू बाहेर काढत नाही. तो गाळ टाकीतच राहणार.”

औषध अकोल्याच्या ट्रॅव्हल्सनं आलं, मुनव्वर जाऊन घेऊन आला. टाकीत सोडलं. मग थोडं थोडं डिझेल काढून जाड कापडातून गाळून परत सोडत राहिला. हाताची सालटं निघाली. थंडीभर हेच चाललं. वरचा थर हळूहळू निवळला. खालचा काळाच राहिला, आणि जरा ढवळलं की सगळीकडे पसरायचा. घनता बघितली, वास घेतला, बरणी उजेडात धरली. रंग विटकरी होत चालला होता.

त्यानं पुन्हा फोन लावला.

“सोड आता,” केशवराव म्हणाले. “ते इंजिनात घालायच्या लायकीचं राहिलेलं नाही. तू केलंस ते पुष्कळ केलंस.”

“गिरनी सुरू झाली तर साहेब?”

केशवराव म्हणाले, “मुनव्वर, मशिनरीच विकायचं चाललंय. तुला कोणी सांगितलं नाही का?”

कोणीच सांगितलं नव्हतं. बूथमधून बाहेर येऊन तो जीप स्टँडवर बसून राहिला. हिवरखेडच्या, अंजनगावच्या जीपा भरून जात होत्या, पोरं गावांची नावं ओरडत होती. जांभळीची जीप दोनदा त्याच्यासमोरून गेली आणि तो उठला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवी बसवलेली डीपीही जळली. या खेपेला सरपंच महादेवराव स्वतः अमरावतीला गेले. नवे साहेब आले होते, त्यांनी सरळ सांगितलं, टाकीत जे असेल ते गावाला वापरू द्या, नाहीतरी भंगारातच जाणार आहे. महादेवराव ट्रॅक्टरवर ड्रम लादून गिरणीत आले. मागे अर्धं गाव. त्यात सुभद्राबाई.

मुनव्वर ओट्यासमोर उभा राहिला.

“महादेवराव, हे घेऊ नका. खराब झालं हाये.”

“खराब?”

“पानी घुसलं पावसाळ्यात. जंतू झाले. हे इंजिनात घालसान तं इंजिन जाईन.”

गर्दीत कोणीतरी हसलं. “मागच्या साली चांगलं व्हतं तं देल्लं नाई, औंदा साहेबानं हो म्हनलं तं खराब झालं!”

महादेवराव तसे शांत माणूस होते. त्यांनी झाकण उघडायला लावलं आणि दोरीला डबा बांधून डिझेल वर काढलं. वरचंच ते. उन्हात धरलं तर स्वच्छ दिसलं, जरा गडद, एवढंच.

“हे काय खराब हाये? आमच्या ट्रॅक्टरात याच्याऊन गढूळ जाते.”

“थे वरचं हाये. खालचं पाहा.” मुनव्वरनं घाईघाईनं बुडाचा नमुना काढून बरणी पुढे केली. काळं, दाट, तंतू तरंगणारं. पुढचे लोक जरा मागे सरले. मग एक पोरगेला गडी म्हणाला, “हे तं जळकं ऑइल हाये. चांगलं विकलं यानं, अन् हे मिसळून ठेवलं.” दुसरा म्हणाला, “अशा लोकाईवर भरोसाच ठेवू नये,” आणि ‘अशा’ म्हणजे कशा हे सगळ्यांना कळलं. देवीदास त्याच्या अंगावर धावला, त्याला दोघांनी धरलं.

मुनव्वर त्या माणसाकडे बघतच नव्हता. तो सुभद्राबाईकडे बघत होता.

ती पुढे आली. “मुनव्वरभाऊ, मागच्या साली चांगलं व्हतं?”

“व्हतं, बाई.”

“तवा देल्लं नाई.”

“नाई.”

“मंग औंदा काहून आडवता?”

त्याच्याजवळ उत्तर होतं, ते त्यानं नुकतंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ती पदर सावरून बाजूला झाली.

तो बाजूला झाला नाही, पण कोणी त्याला ढकललंही नाही. लोक त्याला वळसा घालून गेले. त्यानं विनवण्या केल्या. नळी वरच ठेवा, खाली सोडू नका. ड्रम दिवसभर हलवू नका, बसू द्या. कापडातून गाळून घ्या. महादेवरावांनी हो हो म्हटलं. पण ट्रॅक्टरच्या पंपाची नळी खाली गेली ती बुडालाच टेकली, आणि सगळी टाकी ढवळून निघाली.

इंजिन चालू झालं. गावात नळाला पाणी आलं. बायांनी होती नव्हती ती भांडी भरली, पोरांनी नळाखाली आंघोळी केल्या. रस्त्यावर मुनव्वर दिसला की लोक म्हणायचे, “काय मिस्त्री, खराब डिझलवर पानी येऊन राहिलं नं!” तो मान हलवी. एकदा देवीदासला म्हणालाही, “मी चुकलो असन तं बरं हाये.” ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

आठवडा उलटायच्या आत इंजिन उचक्या देऊ लागलं. काळा धूर, मग थांबणं, मग हँडल मारून मारून चालू करणं. मग चालूच होईना. मुनव्वर न बोलावता आपली हत्यारं घेऊन विहिरीवर गेला. फिल्टर उघडला तर आत डांबरासारखा गोळा. डिझेल पंपाचा दट्ट्या जागीच जाम झालेला. त्यानं तो रॉकेलमध्ये भिजवला, पुसला, हलकेच ठोकला. भर उन्हात दिवसभर बसला. तसल्या जुन्या इंजिनाचे भाग परतवाड्यात मिळेनात, अकोल्यातही मिळाले नाहीत. दट्ट्या सुटला नाही.

सभोवती माणसं जमत गेली. आधी बघत होती. मग तोच पोरगेला गडी म्हणाला, “आता काय करून राहिला? पयलं यानंच मारलं,” आणि त्यानं मुनव्वरच्या हातातला पाना ओढून घेतला. ओढाओढीत मुनव्वर विहिरीच्या काठावर आपटला. ओठ फुटला. महादेवराव मध्ये पडले, “जाऊ द्या त्याले,” म्हणाले. ते वाचवण्यासाठी होतं की हाकलण्यासाठी, हे मुनव्वरला कळलं नाही. सुभद्राबाई रिकामा गुंड घेऊन तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही. एक शब्द बोलली असती तर लोकांनी ऐकला असता.

देवीदासनं त्याला सायकलवर बसवून घरी आणलं. नसीमबानोनं ओठ पुसला, हळद लावली. त्यानंतर ते जांभळीत फार दिवस राहिले नाहीत.

सुभद्राबाईही राहिली नाही. तिचा मुलगा पियुष बडनेऱ्याला एका गोदामात लागला होता, तो तिला घेऊन गेला. तिनं जाताना कोणाचा निरोप घेतला नाही म्हणतात.

गिरणी अकोल्याच्या एका भंगारवाल्यानं लिलावात घेतली. टाकी उकरायच्या दिवशी त्यानं मुनव्वरला माहिती द्यायला बोलावून घेतलं होतं. टँकर लागला, खालचं काळं पाणी आणि डिझेल एकत्रच वर खेचलं गेलं.

“इसका क्या करते?” मुनव्वरनं विचारलं.

“भट्टी में जलाते, चाचा. और किस काम का?”

मुनव्वर टाकी रिकामी होईपर्यंत थांबला. मग पायीच फाट्यावर आला.

परतवाड्यात मेहुण्याचं पंक्चरचं दुकान होतं, तिथं तो बसू लागला. एका पेट्रोल पंपावर ओळखीनं काम मिळत होतं, तिकडे तो गेला नाही. मुलगी नगमा शिवणकाम करायची, त्यावर घर चाललं. कावीळ पूर्ण बरी झालीच नव्हती. कधी कधी तो दिवसभर बोलत नसे.

एकदा बाजाराच्या दिवशी देवीदास आला. इकडचं तिकडचं बोलला. गिरणीच्या जागेवर आता प्लॉट पाडायचं चाललं होतं, दगडं रोवली होती.

“इंजिन?” मुनव्वरनं विचारलं.

“भंगारात गेलं.”

“अन् पानी?”

“टँकर येते. कधी येते, कधी नाई.” देवीदासनं चहाचा कप खाली ठेवला. “मी सांगून राहिलो बरं लोकाईले, मुनव्वरभाईनं आधीच सांगितलं व्हतं म्हून.”

“नको सांगू.”

“काहून?”

“पयल्या साली मांगलं तवा देल्लं असतं तं झालं असतं. नंतरचं सांगून का फायदा?”

जांभळीची शेवटची जीप निघायची वेळ झाली होती, म्हणून देवीदास उठला. मुनव्वर त्याला सोडायला दारापर्यंत आला, जीप भरेपर्यंत चौकटीला धरून उभा राहिला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. नगमाची मशीन चालू होती. नसीमबानोनं जेवायला हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. तिनं ताट झाकून ठेवलं.